मातृभाषेच्या रकान्यातला माझा शिक्का

ईशा आणि नील, हे वाचायला तुम्हाला बाबाची मदत लागेल. तो कंटाळून मधला मजकूर गाळेल, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवा. लहानपणीही तो अख्खा धडा पाच मिनिटांत वाचून झाला म्हणून सांगायचा.

तीन रविवारांपूर्वी ईशाने तैवानहून फोन केला. तिच्या शाळेत डोंगरातल्या एका जमातीच्या म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी त्यांच्या भाषेत आकडे शिकवले, एक गाणं म्हटलं आणि सांगितलं, की त्यांची नातवंडं आता शेजारच्या मोठ्या भाषेतच बोलतात; शाळा त्या भाषेत, दुकान त्या भाषेत, टीव्हीसुद्धा त्याच भाषेत. मग वर्गाला गृहपाठ मिळाला: आपल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या भागात अशी एखादी लहान भाषा आहे का, आणि तिचं पुढे काय झालं.

"आजी, आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं, "पण थांब, गॅसवर दूध आहे."

गॅसवर काहीही नव्हतं. या गोष्टीत तुमची आजी चुकीच्या बाजूला उभी आहे, आणि ते फोनवर कसं सांगायचं हे मला सुचेना. त्याच आठवड्यात नांदेडच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या, म्हणून दोन्ही कामं एकदमच उरकते. शिक्षकांच्या आठवणी कशा असतात ते मला ठाऊक आहे. एक खोडकर मुलगा असतो, एक छडी असते, आणि शेवटी तो मुलगा मोठा साहेब होऊन पाया पडायला येतो. माझ्या पाया पडायला कुणी साहेब आला नाही. उलट एका साहेबासमोरून मलाच उठून खोलीबाहेर जावं लागलं. ते सांगते.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, सिकंदराबादच्या एका मिशनरी शाळेत. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की बाकावर उभं करत. मी दोनदा उभी राहिले. तिसऱ्यांदा वेळ आली नाही, आणि या गोष्टीचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. मला सगळं जागच्या जागी लागतं, हे तुमच्या बाबाला विचारा. वहीत समास नसला तर मला जेवण जात नसे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरजवळच्या मुरुडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. परदेशी पथकं आली आणि इंग्रजी येणारं माणूस म्हणून मला उचलून जीपमध्ये बसवलं. एका गोऱ्या बाईंजवळ छापील फॉर्म होता. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती दुःख झालं, एक ते दहामध्ये सांगा, असा त्यात प्रश्न होता. पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी तो मराठीत विचारला. त्याने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "घर गेलं, सून गेली, बैल गेले. अन् ही बाई मला मार्क मागून राहिली. किती पडले म्हणजी पास व्हतो?"

मी गोऱ्या बाईंना सांगितलं, "सात."

त्यांनी सात लिहिलं. रकाना भरला. आजही सांगते, त्या वेळी मला वाईट वाटलं नव्हतं. काम नीट झालं असंच वाटलं होतं.

त्या कामात माझं नाव झालं. एका शिक्षणसंस्थेच्या चेअरमननी मला तिथे फॉर्म भरताना पाहिलं आणि माहूरच्या बाजूला असलेल्या त्यांच्या आश्रमशाळेवर मुख्याध्यापिका म्हणून या म्हणाले. तिथे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे मला नंतर कळलं. "रेणुकामातेनंच तुम्हाला बोलावलंय," असं ते म्हणाले. देवीला विचारून खात्री करून घ्यायची सोय नव्हती, म्हणून मी गेले.

आश्रमशाळा म्हणजे काय, ते सांगते. आश्रम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दाढीवाले ऋषी आणि हरणं येतील. यात हरणं नसतात, उवा असतात. डोंगरातल्या आदिवासी मुलांना सहाव्या वर्षी आणायचं, तिथेच जेवू घालायचं, झोपवायचं आणि दहावीपर्यंत शिकवायचं. मुख्याध्यापिकेचं काम म्हणजे डाळ पातळ झाली का बघणं, हापसा बिघडला की मिस्त्री शोधणं, रात्री किती मुलं पळाली आणि सकाळी किती परत आली ते मोजणं. शिकवणं त्यानंतर, वेळ उरला तर.

आमच्याकडची बरीचशी मुलं कोलाम होती. कोलाम डोंगरावर वस्ती करून राहतात, त्या वस्तीला पोड म्हणतात. बांबूच्या टोपल्या फार सुरेख विणतात. त्यांची भाषा कोलामी. ती मराठीची बहीण नाही, भाचीही नाही, कुळच वेगळं. तेलुगू-गोंडीच्या अंगाने जाणारं. एक ते चार हे आकडे त्यांचे स्वतःचे: ओक्कोड, इंदिंग, मुंदिंग, नालिंग. पाचपासून पुढे ते शेजाऱ्यांचे आकडे वापरतात. मला हे सगळं नोकरीत असताना अजिबात ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की जूनमध्ये साठ मुलं येतात आणि त्यांना 'बस' म्हटलेलं कळत नाही.

मी छडी वापरत नसे. त्याऐवजी मी जेवणाची रांग वापरली. भाजी मराठीत मागायची. कोलामीत मागितली की रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. उपाशी कुणाला ठेवलं नाही हं, फक्त मागे पाठवलं. तीन महिन्यांत पोरं "बाई, अजून थोडी वाढा" असं शुद्ध म्हणायला लागायची. तपासणीला आलेले अधिकारी थक्क व्हायचे. मी शिताफी अशी केली होती, की नवीन मुलाजवळ जाऊन गोड आवाजात विचारायची, "काय हवं रे बाळा? बोल, बोल." बाळ बोललं कोलामीत, की गेलं मागे.

वाढायला पळी घेऊन उभी असायची भीमबाई, आमची स्वयंपाकीण. ती स्वतः कोलाम, नवरा गेलेला, मुलगा-सून कामाला दूरदेशी. तिची नात सुनीता आमच्याच शाळेत पहिलीत होती. म्हणजे नातीला मागे पाठवायचं काम आजीच्याच हाताने व्हायचं. एकदा मी तिला म्हटलं, "भीमबाई, वाईट वाटून घेऊ नका. मराठी आली तर पोरगी मोठी होईल."

"खरं हाय का बाई ते?"

"अगदी खरं."

"मंग मी घरी बी तशीच बोलतो तिच्यासंगं," ती म्हणाली. मी खूश झाले. असे पालक सगळे असते तर, असं मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये बोललेसुद्धा.

आता शिक्क्याचं. प्रत्येक शाळेत एक जाडजूड रजिस्टर असतं. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा, सगळं लिहितात, आणि शाळा सोडताना त्यावरूनच दाखला मिळतो. आमचे क्लार्क रशीदभाई माहूरचेच. वडील-आजोबा तिथेच शिवणकाम करायचे. रशीदभाई मातृभाषा पालकांना विचारून लिहीत, त्यामुळे त्या रकान्यात कुठे 'कोलामी', कुठे 'गोंडी', कुठे 'माहीत नाही', आणि एका बापाने स्वतःच सांगितलेलं 'जंगली' असं काहीबाही झालेलं. मला ते बघवेना. मी नांदेडहून 'मराठी' असा रबरी शिक्का करून आणला आणि एका दुपारी बसून नवीन भरतीची सगळी पानं मारून काढली. पुढच्या प्रत्येक जूनमध्येही तेच.

रशीदभाई शेजारी उभे राहून बघत होते. "म्याडम, तुमची मादरी जबान मराठी, ठीक हाय. पण ह्यांची आई मराठीत झोपवते का ह्यांना?"

"रशीदभाई, रकाना कसा स्वच्छ दिसतोय बघा."

"दिसतोय की. मयताला न्हाऊ घातल्यावानी."

मी हसले नाही. त्यांना तंबाखू खाऊन ऑफिसात बसू नका, असं सांगितलं.

निवृत्त झाल्यावर मी लातूरला आले आणि वरच्या मजल्यावर शिकायला आलेल्या मुली ठेवायला लागले. लातूरला तेव्हा अभ्यासाची जत्रा भरली होती, अजूनही उठलेली नाही. चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो, लग्नाच्या मिरवणुकीत शोभतील एवढे मोठे. सगळ्या मराठवाड्यातून आईबाप पोरांना डॉक्टर करायला इथे आणून सोडतात. उदगीरच्या एका आईने मला खोलीतला आरसा काढायला लावला, कारण आरशात अभ्यासाचा वेळ जातो. देगलूरचे एक वडील पहाटे फोन करून म्हणायचे, "मॅडम, जरा फोन तिच्या दाराला लावा." त्यांना पानं उलटण्याचा आवाज ऐकायचा असे. मी फोन दाराला लावून स्वतःच वर्तमानपत्र चाळायची. ते समाधानाने ठेवून द्यायचे.

दहावीला शाळेत पहिली आलेली सुनीता अकरावीला माझ्याकडेच आली. भीमबाई तिला सोडायला आली तेव्हा नवीन बांबूची टोपली घेऊन आली होती आणि पूर्ण वेळ मराठीत बोलली. पोरीने दोन वर्षं मान वर केली नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत तिला चांगले मार्क पडले आणि आदिवासींसाठी राखीव जागेवर तिचा नंबर लागण्यासारखा होता. फक्त एक कागद पाहिजे होता: ती खरोखर कोलाम आहे, असं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र.

ही समिती कशाला, तर राखीव जागेसाठी भलतेच लोक आदिवासी होऊन येतात म्हणून. ती जुने कागद बघते, शिवाय देव कोणते, लग्नात काय करता, घरात कोणती भाषा, असंही विचारते. समितीचं पत्र आलं: आडनाव कोलामांचं, पण शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी, खुलासा करावा. सुनावणी चार दिवसांनी, आणि प्रवेशाची मुदत त्यानंतर आठवड्याभरात संपणार. कागद नाही, तर जागा दुसऱ्याला.

"बाई, मी तर कोलामच आहे ना," सुनीता म्हणाली.

"तुला कोलामी येते ना?"

"चारपर्यंत."

मी माहूरला रशीदभाईंना फोन केला, रजिस्टरची नक्कल काढा म्हणून. तेही निवृत्त झाले होते, पण रजिस्टर कुठल्या कपाटात असतं हे शाळेत दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. बोलता बोलता कळलं, की त्यांना कोलामी घडाघडा येते.

"तुम्हाला? कधी शिकलात?"

"शिकलो कुठं म्याडम. हापशावर ऐकून ऐकून आली. तुमची पाठ फिरली की सारी शाळा कोलामीच बोलत व्हती. तुमालाच माहीत नव्हतं."

मग मी जे केलं ते फक्त लातुरातच सुचू शकतं. मी सुनीताची कोलामीची तयारी करून घेतली. रशीदभाईंनी फोनवरून शब्द सांगितले, मी तक्ते करून भिंतीला लावले. पाणी म्हणजे ईर, घर म्हणजे एल्ला, असे दोनशे शब्द, रोज पन्नास, संध्याकाळी चाचणी. भीमबाई सुनावणीसाठी पोडावरून आली, दारात उभी राहून तिने ते पाठांतर ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "पोरगी बसच्या कंडक्टरवानी बोलून राहिली," म्हणाली.

सुनावणीला रजिस्टरची नक्कल घेऊन रशीदभाईही आले. अधिकारी तरुण होते, नाक चोंदलेलं, वागायला सभ्य. त्यांनी सुनीताला चार शब्द विचारले. तिने चार सांगितले आणि थांबता न आल्यामुळे त्याच तक्त्यातले पुढचे सहाही सांगून टाकले.

"बाळ, हे पाठ केलंय," ते म्हणाले. "भाषा अशी येत नाही कुणाला." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सुनीताने माझ्याकडे असं बघितलं, की मला बसवेना.

मी उठून म्हटलं, "साहेब, त्या दाखल्यावरचा शिक्का माझा आहे. पालकांना न विचारता मारलाय. तसं लिहून देते."

"हिच्या एकटीच्या नावापुढे?"

"नाही. सगळ्यांच्या."

"कशासाठी पण?"

"स्वच्छ दिसावं म्हणून."

त्यांनी नकलेवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुमचं लिहून देणं ठीक आहे, पण त्याने ही कोलाम ठरत नाही. घरचं कुणी मोठं माणूस आहे?"

भीमबाईला आत बोलावलं. ती समोर खुर्चीच्या टोकावर बसली, हात जोडून. मला हायसं वाटलं. आता काय, ही तर जन्माची कोलाम.

"आजी, पाण्याला काय म्हणता?"

"पाणी, साहेब."

"आणि घराला?"

"घर."

"तसं नाही. तुमच्या भाषेत सांगा."

"मराठीच बोलतो साहेब आमी," भीमबाई अगदी ठासून म्हणाली, आणि शाबासकी घ्यावी तसं माझ्याकडे बघितलं. "कवाबी मराठीच."

साहेबांचं पेन पुन्हा कागदाकडे निघालं. सुनीता रडायला लागली. मी गडबडीने म्हटलं, "भीमबाई, अहो कोलामीत बोला! मी सांगते ना, बोला, बोला."

तिने मान हलवली आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "न्हाई बाई. रांगेत बी तुमी असंच म्हणत व्हता, बोल बोल. अन् लेकरू बोललं की मागं धाडत व्हता. आज माझ्या पोरीचं काम हाय. आज मी चुकत न्हाई."

रशीदभाई खाली बघत होते. मग मला कळलं, की माझ्या कुठल्याही शब्दाचा उपयोग नाही. मी जोवर समोर बसले आहे तोवर ही बाई नातीच्या भल्यासाठी नातीचं नुकसान करत राहणार. मी पिशवी उचलली आणि बाहेर गेले. दार लावून घेतलं.

बाहेर बाकड्यावर बसले. बराच वेळ आतून फक्त रशीदभाईंचा आवाज येत होता, हळू, कोलामीत. मग भीमबाईचा यायला लागला. मी त्या बाईला पंधरा वर्षं रोज बघितलं होतं. मला ती गरीब, कमी बोलणारी वाटायची. आता आतून जो आवाज येत होता तो एका दमात चढत होता, उतरत होता, नकला करत होता, कुणाला तरी दटावत होता. मध्येच साहेब मोठ्याने हसले. एक शब्द मला कळत नव्हता. भूकंपात दुभाषी म्हणून मिरवलेली मी, आणि माझं नाव निघालं तेवढंच काय ते ओळखू आलं. ते बरेचदा निघालं.

आत काय झालं ते सुनीताने सांगितलं. साहेबांकडे कोलामी शब्दांची आणि चालीरीतींची फाईल होती. रशीदभाई अर्थ सांगत होते आणि साहेब फाईलशी ताडून बघत होते. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचं समाधान झालं होतं, पण भीमबाई थांबेना. शेवटी त्यांनी विचारलं, "हे एवढं सगळं काय बोलतायत?"

"ते म्याडमबद्दल हाय साहेब," रशीदभाई म्हणाले. "ते लिहू नका."

जिना उतरताना मी रशीदभाईंना गाठलं. "काय म्हणाली हो ती?"

"म्याडम, मी दुभाषी हाय, चुगलखोर न्हाई."

आजतागायत त्यांनी सांगितलेलं नाही. मी भीमबाईलाच विचारलं, तर ती म्हणाली, "कायबी न्हाई बाई, चांगलंच बोलली." मराठीत म्हणाली.

प्रमाणपत्र मुदतीच्या दोन दिवस आधी मिळालं. सुनीताला जागा मिळाली. नोकरीतलं माझं यश विचाराल तर मी तिचंच नाव सांगेन, आणि चूक विचाराल तरी तिचंच सांगेन. एकदा ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही मराठी शिकवली म्हणून मी डॉक्टर झाले, हे खरंच आहे. पण त्या दिवशी आजी बोलत होती तेव्हा रशीदचाचा हसत होते, नकलांना साहेब हसत होते, आणि माझ्याच आजीचं बोलणं मला समजत नव्हतं. मी नुसतीच हसले, सगळे हसले म्हणून."

मुलांना मराठी शिकवली याची मला खंत नाही. ती त्यांना लागणारच होती. पण ती देताना दुसरी काढून घ्यायची काही गरज नव्हती. पोरांच्या डोक्यात जागा भरपूर होती, माझ्या रकान्यात नव्हती. ईशा, हे गृहपाठात लिहिलंस तरी चालेल. तुमच्या दोघांच्या मराठीबद्दल मी फोनवर कधी बोलत नाही, त्याचं कारण आता तुमच्या लक्षात येईल.

त्या भाषेचं पुढे काय झालं, असं तुझ्या बाईंनी विचारलंय, तर आजची स्थिती अशी. त्या शाळेच्या रजिस्टरात माझे शिक्के तसेच आहेत. पोडावरची म्हातारी माणसं आपसात कोलामी बोलतात. मधल्या वयाची माणसं घरात बोलतात, बाजारात बोलत नाहीत. मुलांना समजते, पण ती उत्तर मराठीत देतात. सुनीता किनवटच्या बाजूला सरकारी नोकरीत आहे आणि म्हाताऱ्या रुग्णांशी बोलायला सोबत आजीला बसवते. भीमबाईचे गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. सुनीताची दोन वर्षांची मुलगी दिवसभर या पणजीजवळ असते. तिला मराठी अजून येत नाही.